दप्तराबाहेरचीं माणसें

जगाचा नकाशा आपण भिंतीवर टांगतों, तेव्हां त्यांतील रंगांकडे पाहून आपला एक समज होतो. रंगाचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक देश, प्रत्येक देशाला एक सरकार, आणि प्रत्येक मनुष्य कोणत्या तरी एका रंगांत सुखानें बसलेला. वस्तुस्थिति निराळी आहे. ज्यांना स्वतःची भाषा आहे, इतिहास आहे, एका भूमीशीं जडलेलें जीवन आहे, पण ज्यांच्या नांवाचा रंग कोणत्याच नकाशांत नाहीं, असे लोकसमूह जगांत पुष्कळ आहेत. त्यांना राज्य नसलेलीं राष्ट्रें म्हणतात. त्यांच्या शेजारींच आणखी एक वर्ग उभा आहे. राज्य मागण्याची गोष्ट ज्याच्या मनांतहि नाहीं, परंतु जो आपल्याच भूमींत उपरा ठरला आहे, असा हा मूलनिवासींचा, आपल्या भाषेंत आदिवासींचा, वर्ग. या दोघांचें दुःख एकसारखें नव्हे. पण त्या दुःखांचें एक मूळ समान आहे, असें मला वाटतें. तें मूळ म्हणजे दप्तर. जगाचा कारभार लेखी चालतो. आणि ज्याची नोंद नाहीं त्याचें गाऱ्हाणें ऐकून घेण्याची या कारभाराला संवय नाहीं.

हें विधान पडताळून पाहण्यासाठीं आपण एकदम परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. तसें केल्यास काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, असें होईल. म्हणून प्रथम मुंबईपासून पाउणशें किलोमीटरांच्या आसपास असलेल्या एका गांवीं जाऊं.

ठाणें जिल्ह्यांत, भिवंडी तालुक्याच्या उत्तर अंगास, तानसा नदीच्या कांठीं अकलोली नांवाचें गांव आहे. शहरांतील लोकांना तें ठाऊक आहे तें तेथील ऊन पाण्याच्या कुंडांमुळें. वज्रेश्वरीचें दर्शन घ्यावयाचें, अकलोलीस किंवा गणेशपुरीस कुंडावर स्नान करावयाचें आणि दिवस मावळण्यापूर्वीं परतावयाचें, हा कित्येक घरांचा ठरलेला क्रम आहे. वज्रेश्वरीच्या देवळाचा इतिहासहि आपण ऐकलेला असतो. वसईच्या मोहिमेंत चिमाजी अप्पांनीं देवीला नवस केला, सन १७३९ मध्यें वसई सर झाली, आणि नवस फेडण्यासाठीं हें किल्ल्यासारखें देऊळ उभें राहिलें. पोर्तुगीज, पेशवे आणि इंग्रज या तिन्ही राजवटींच्या कागदपत्रांत या मुलखाचे किल्ले आहेत, देवस्थानें आहेत, महसुलाचे आंकडे आहेत. परंतु कुंडांच्या भोंवतालच्या रानांत त्यापूर्वींपासून वावरणारे कातकरी, वारली, ठाकूर, मल्हार कोळी हे लोक त्या कागदांत स्वतःच्या तोंडानें बोलतांना कोठें आढळत नाहींत. त्यांच्याविषयीं दुसऱ्यांनीं लिहिलें. त्यांनीं स्वतः कांहीं लिहून ठेवलें नाहीं.

यांपैकीं कातकऱ्यांचेंच उदाहरण घेऊं. केंद्र सरकारनें देशांतील ज्या ७५ जमाती विशेष दुर्बळ म्हणून निवडल्या आहेत, त्यांपैकीं महाराष्ट्रांत तीन आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. सन २०११ च्या जनगणनेप्रमाणें महाराष्ट्रांतील कातकऱ्यांची संख्या पावणेतीन लाखांहून अधिक असून त्यांची मुख्य वस्ती रायगड, ठाणें व पालघर या जिल्ह्यांत आहे. कातकरी हें नांव कातावरून पडलें. खैराच्या झाडाचा गाभा तासावयाचा, त्याच्या ढलप्या मडक्यांत उकळावयाच्या, तो काढा आटवून घट्ट झाला कीं त्याच्या वड्या पाडून वाळवावयाच्या. आपल्या विड्यांत पडणारा कात असा तयार होई. हा धंदा करावयाचा तर रान मोकळें पाहिजे आणि माणूस फिरता पाहिजे. सन १८७८ चा जंगल कायदा आला. राखीव आणि संरक्षित अशीं जंगलें आंखलीं गेलीं. खैर सरकारी मालमत्ता झाला. ज्या धंद्यानें एका जमातीला नांव दिलें तो धंदा गुन्हा ठरला; नांव मात्र मागें राहिलें.

त्याच सुमारास घडलेली दुसरी एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. भाताचें रोप टाकण्यापूर्वीं शेतकरी जमिनीवर टहाळ व पालापाचोळा पसरून राब भाजतो. जंगलबंदीमुळें हा टहाळ मिळेनासा झाला, तेव्हां ठाणें जिल्ह्यांत मोठी ओरड झाली; आणि सन १८८५ मध्यें मुंबई सरकारला ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलव्यवस्थेची चौकशी करण्यासाठीं कमिशन नेमणें भाग पडलें. खातेदाराची तक्रार सरकारपर्यंत पोंचली, कारण खातेदार दप्तरांत होता. त्याला सारा भरावा लागत असे, म्हणून त्याचें म्हणणें ऐकावेंहि लागत असे. कातकरी खातेदार नव्हता. अर्ज करावयास लागणारें अक्षर, वकील आणि सवड यांपैकीं त्याच्यापाशीं कांहींच नव्हतें.

रानांतील उपजीविका गेल्यावर तो कोठें गेला? प्रथम कोळशाच्या भट्ट्यांवर गेला, पुढें विटांच्या भट्ट्यांवर. पावसाळ्याच्या दिवसांत पाड्यावरच्या घरांतील दाणे संपत येतात; दुखणींबाहणीं याच वेळीं निघतात. अशा वेळीं वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम येतो आणि उचल म्हणून कांहीं रक्कम एका जोडप्याच्या हातीं ठेवतो. मजूर येथें एकटा मोजला जात नाहीं. नवराबायकोची जोडी मोजली जाते. दिवाळीच्या पुढेंमागें हीं कुटुंबें मुलांबाळांसह भट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आल्यावर परततात. माती कालवणें, विटा थापणें, वाळवणें, रचणें हें काम पहांटेपूर्वीं सुरू होतें. दर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते. हंगामाच्या अखेरीस हिशेब होतो. एका बाजूस उचल आणि खर्ची, दुसऱ्या बाजूस थापलेल्या विटा. पुष्कळदां बाकी निघते ती मजुराकडेच. आणि ती फेडण्यासाठीं त्यानें पुढल्या हंगामांत त्याच भट्टीवर यावयाचें असतें. श्रोतेहो, ज्या माणसाचें नांव जमिनीच्या उताऱ्यावर नाहीं, त्याचें नांव नेमानें आणि बिनचूक लिहिलें जाणारें एकच दप्तर असावें, आणि तें त्याच्या कर्जाची वही असावी, हा योगायोग नव्हे. ज्याची दुसरीकडे कोठें नोंद नसते, तो असल्या वहींतच अडकतो.

आतां येथून जगाकडे वळूं. कारण हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर आपल्याला तेथें दिसेल.

सन १९२३ हें वर्ष या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पहिल्या महायुद्धानंतर तुर्की साम्राज्याची वांटणी चालली होती. सन १९२० च्या सेव्र येथील तहांत कुर्द लोकांना स्वतंत्र राज्य मिळण्याची वाट मोकळी ठेवली होती. तीन वर्षांनीं स्वित्झर्लंडमधील लोझान या गांवीं नवा तह झाला, आणि त्यांत कुर्दांचें नांवहि उरलें नाहीं. कोणी कुर्दांना युद्धांत हरविलें होतें असें नव्हे. कागदावरून एक कलम गळलें, एवढेंच. आज हे लोक सुमारें तीन कोटी किंवा त्याहून अधिक आहेत, आणि ते तुर्कस्तान, इराण, इराक व सिरिया अशा चार देशांत विभागलेले आहेत. इराकमध्यें सन २००५ च्या राज्यघटनेनें त्यांना स्वायत्त प्रदेश मिळाला. इतरत्र त्यांच्या भाषेच्या शाळेलासुद्धां झगडावें लागलें आहे.

लोझान ज्या सरोवराच्या कांठीं आहे, त्याच सरोवराच्या दुसऱ्या टोंकास जिनीव्हा आहे. तेथें राष्ट्रसंघाचें मुख्य ठाणें होतें. त्याच १९२३ सालीं कॅनडामधील इरोक्वॉय लोकांच्या सहा राष्ट्रांच्या संघाचा एक प्रतिनिधि जिनीव्हास आला. त्याचें नांव डेस्काहे. कॅनडाचें सरकार त्यांची परंपरागत पंचायत मोडूं पाहत होतें. आमच्या पूर्वजांनीं ब्रिटिश राजाशीं बरोबरीच्या नात्यानें करार केले आहेत, तेव्हां आमचें म्हणणें राष्ट्रसंघानें ऐकावें, एवढीच त्याची मागणी. तो आला तो स्वतःच्या लोकांनीं दिलेल्या पासपोर्टावर. आयर्लंड, पनामा, इराण व एस्टोनिया या राष्ट्रांनीं त्याची बाजू घेतली. परंतु ब्रिटनच्या दडपणापुढें तो प्रश्न राष्ट्रसंघाच्या सभेपुढें आलाच नाहीं. ज्या संस्थेचें नांवच राष्ट्रसंघ, तिनें ठरविलें कीं हें राष्ट्र नव्हे. वर्षभर खटपट करून डेस्काहे रिकाम्या हातीं परतला. सन १९२४ मध्यें कॅनडानें ती जुनी पंचायत बरखास्तहि केली. पुढें १० मार्च १९२५ रोजीं अमेरिकेंतील रॉचेस्टर येथून त्यानें आपल्या लोकांची बाजू मांडली, ती नभोवाणीवरून. त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं तो वारला. ज्याला सभागृहाचें दार उघडलें नाहीं, त्याला अखेरीस ऐकणारे मिळाले ते अनोळखी घरांतून. नभोवाणीवर बोलणाऱ्या कोणालाहि ही गोष्ट विसरतां येणार नाहीं.

राज्य नसण्याच्या या दुःखाला पायऱ्या आहेत. कुर्दाला राज्य नाहीं, पण तो बहुधा कोणत्या तरी देशाचा नागरिक असतो. ब्रह्मदेशांतील रोहिंग्यांना सन १९८२ च्या कायद्यानें नागरिकत्वाबाहेर ठेवलें. त्यांपैकीं लक्षावधि लोकांना सन २०१७ मध्यें बांगला देशांत पळून जावें लागलें. कातकऱ्याची गोष्ट याहून निराळी आहे. त्याला मत आहे, त्याच्यासाठीं राखीव जागा आहेत, राज्यघटनेचें संरक्षण आहे. तो परका आहे असें कोणी म्हणत नाहीं. फक्त त्याला कांहीं हवें असेल तेव्हां प्रत्येक ठिकाणीं पुरावा मागितला जातो, आणि पुरावा त्याच्यापाशीं नसतो.

मग यावर उपाय काय? दप्तरानें दुर्लक्षिलेल्या माणसांना दप्तरांत जागा मिळाली, ती कशी? इतिहास याचें उत्तर देतो, आणि तें फारसें गोड नाहीं. ती जागा बहुधा मागून मिळालेली नाहीं. एकत्र उभें राहिल्यानें मिळालेली आहे. युरोपच्या उत्तर टोंकास राहणाऱ्या सामी लोकांचें उदाहरण पाहा. नॉर्वेच्या सरकारनें त्यांच्या प्रदेशांतील आल्टा नदीवर धरण बांधण्याचें ठरविलें. सन १९७९ पासून सामींनीं त्यास विरोध केला, राजधानीच्या पार्लमेंटासमोर उपोषणें केलीं. सन १९८१ मध्यें पोलिसांनीं त्यांना धरणाच्या जागेवरून हटविलें आणि धरण झालेंच. परंतु त्या भांडणानें एक प्रश्न उभा केला: हे लोक कोण, आणि त्यांना विचारावयाचें कोणीं? त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून सन १९८९ मध्यें नॉर्वेंत सामींची स्वतःची निवडलेली सभा स्थापन झाली. धरणाचा दावा ते हरले, पण पुढें विचारून काम करण्याची रीत त्यांनीं मिळविली.

आपल्याकडेहि असें घडलें आहे, आणि तें याच जिल्ह्यांत, पालघर जिल्हा वेगळा होण्याच्या कित्येक वर्षें आधीं. सन १९३९ मध्यें सायमिंग्टन नांवाच्या अधिकाऱ्यानें मुंबई सरकारला आदिवासींच्या स्थितीविषयीं अहवाल सादर केला. त्यांत जमीनदारांकडील वेठ आणि कर्जापायीं होणारी गुलामगिरी सरकारी भाषेंत नोंदली गेली. लग्नासाठीं घेतलेल्या शेंपन्नास रुपयांपायीं नवराबायको दोघेंहि सावकाराच्या घरीं राबत राहत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. अहवाल झाला, पण वेठ चालूच राहिली. मे १९४५ मध्यें उंबरगांव तालुक्यांतील झरी येथें हजारों वारली जमले आणि यापुढें वेठ करावयाची नाहीं असें त्यांनीं ठरविलें. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे किसान सभेचे कार्यकर्ते त्यांच्यासह होते. त्याच वर्षीं १० ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें पोलिसांनीं जमावावर गोळीबार केला. त्यांत जेठ्या गांगड आणि त्याचे कांहीं सोबती बळी पडले. गोदावरीबाईंनीं या लढ्याची हकीकत पुढें 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत लिहिली. अहवालानें जें सांगितलें तेंच वारल्यांनीं सांगितलें. पण अहवाल कपाटांत राहिला आणि वारल्यांचा नकार गांवोगांव पसरला.

पुढें अकलोलीच्या भोंवतालच्या पट्ट्यांतहि हेंच काम झालें. सन १९७६ मध्यें वेठबिगार नाहींशी करणारा कायदा झाला होता. सन १९८२ मध्यें विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांनीं स्थापन केलेल्या श्रमजीवी संघटनेनें वसई, भिवंडी, वाडा या तालुक्यांत तो कायदा पाड्यापाड्यापर्यंत नेला आणि बांधलेले मजूर सोडविले. मजुरापाशीं लेखी पुरावा नसतो हा पेंच येथेंहि होताच. तो सर्वोच्च न्यायालयानें सन १९८३ मध्यें बंधुआ मुक्ति मोर्चाच्या खटल्यांत सोडविला. मजूर जबरीनें राबविला जात आहे असें दिसलें, कीं तो कांहीं उचलीपायींच राबत आहे असें न्यायालय गृहीत धरील. तसें नाहीं हें दाखविण्याचा भार मालकावर. या निकालाचें मोल मोठें आहे. दप्तर ज्याच्या हातीं असतें त्यानेंच पुराव्याचा भार उचलावा, हें तत्त्व त्यांत आहे.

आतां कोणी विचारील कीं, कायदे झाले, न्यायालयें आहेत, मग अडलें कोठें? कायदे झाले हें खरें आहे, आणि तें कमी लेखणें अन्यायाचें होईल. सन १९८५ च्या आदेशानें महाराष्ट्रांतील अनुसूचित क्षेत्रें ठरलीं, त्यांत भिवंडी तालुक्यांतील ७२ गांवें आलीं. सन १९९६ च्या कायद्यानें अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार मिळाले. सन २००६ च्या वनहक्क कायद्यानें तर, पिढ्यान्पिढ्या रानांत राहणाऱ्यांवर इतिहासकालीन अन्याय झाला, अशी कबुलीच प्रस्तावनेंत दिली. सन २००७ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें मूलनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ मतांनीं मंजूर केला. विरुद्ध पडलेलीं चार मतें होतीं अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांचीं. डेस्काहेच्या देशानेंच विरुद्ध मत द्यावें, हें विशेष. पुढें या चारहि देशांनीं आपली भूमिका बदलली. भारतानें बाजूनें मत दिलें. मात्र आपल्या सरकारची भूमिका अशी, कीं स्वातंत्र्याच्या वेळचे सारेच भारतीय येथील मूळचे रहिवासी होत. हें म्हणणें एका अर्थीं उदार आहे. पण सारेच मूळचे म्हटल्यावर ज्यांचें रान गेलें त्यांचा वेगळा हिशेब मांडावयाचा कोठें, हा प्रश्न राहतोच.

आणि अडतें तें अगदीं साध्या ठिकाणीं. एक उदाहरण जातीच्या दाखल्याचें. अनुसूचित जमातींची यादी ६ सप्टेंबर १९५० रोजीं जाहीर झाली. म्हणून दाखला मागणाऱ्यानें आपलें घराणें त्या तारखेपूर्वीं येथें राहत होतें असें दाखवावयाचें असतें. ज्याच्या आज्यापाशीं जमीन नव्हती, जो शाळेंत गेला नाहीं, ज्याचा जन्म कोणी लिहून ठेवला नाहीं, त्याच्या नातवानें हा पुरावा कोठून आणावा? ज्याला आपण आदिवासी, म्हणजे आधींपासून राहणारा, म्हणतों, त्यालाच तूं येथें आधींपासून राहत होतास याचा कागद दाखव, असें म्हणावयाचें! चौकशी करून दाखला देण्याची सोय आहे; शासनाचीं शिबिरेंहि पाड्यांवर होतात, आणि तीं जेथें झालीं तेथें शेंकडों कुटुंबांचें काम एका दिवसांत होतें. यावरूनच दिसतें कीं अडचण माणसांत नव्हती, दप्तरांत होती.

दुसरें उदाहरण मुलांचें. आईबाप भट्टीवर गेले कीं मूलहि जातें, आणि गांवच्या शाळेच्या हजेरीपटांतून तें नाहींसें होतें. शाळा सोडल्याचा दाखला नाहीं म्हणून पुढें जातीचा दाखला अवघड, आणि तो नाहीं म्हणून शिष्यवृत्ति अवघड. अशा रीतीनें एका पिढीची बिननोंद दुसऱ्या पिढीकडे वारशानें जाते. या साखळीवर घाव घालण्यासाठीं पंडित दांपत्याच्याच विधायक संसद या संस्थेनें भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची पेंढ्याची तात्पुरती खोपट. जेथें मूल आहे तेथें शाळा न्यावयाची, इतकी ही साधी कल्पना आहे.

तिसरें उदाहरण सर्वांत महत्त्वाचें आहे, तें घराखालच्या जमिनीचें. कातकऱ्यांच्या पुष्कळ वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. पूर्वीं मालकानेंच शेतावर मजूर हाताशीं असावा म्हणून त्यांना वसविलें. सन १९४८ च्या कूळकायद्यानें कुळाच्या आणि शेतमजुराच्याहि राहत्या घराला संरक्षण दिलें खरें. पण कातकऱ्याचें नांव बहुधा कागदावर नव्हतें. वनहक्क कायदा वनजमिनीपुरता. खाजगी जमिनीवरील वाडीला तो लागू नाहीं. मुंबईच्या वाढीबरोबर भिवंडीच्या परिसरांत गोदामें, घरें आणि विश्रामगृहें आलीं. जमिनीला सोन्याचा भाव आला. जमीन विकली गेली कीं नवा मालक कुंपण घालतो, आणि तीन पिढ्यांची वाडी एका सकाळीं अतिक्रमण ठरते. सन २०२३ मध्यें केंद्र सरकारनें या दुर्बळ जमातींसाठीं पक्क्या घरांची मोठी योजना जाहीर केली. योजना चांगली आहे. पण घर बांधावयाचें तर खालीं स्वतःची जागा पाहिजे. ज्याला घराची सर्वांत अधिक गरज, त्याचाच अर्ज जागेच्या रकान्यापाशीं थबकतो. यावर उपायहि कायद्यांत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें जिल्हाधिकाऱ्याला गांवठाण वाढवितां येतें. वाडीची जागा गांवठाणांत घेऊन घरटी नांवें चढवितां येतात. मोजणी, मोबदला आणि थोडी चिकाटी, एवढेंच त्याला लागतें.

यावर नेहमीं एक शंका काढली जाते. असे वेगळे हक्क दिल्यानें देशांत फूट नाहीं का पडणार? सन १९४३ च्या सुमारास हाच वाद आपल्या विद्वानांत रंगला होता. मुंबई विद्यापीठांतील प्राध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये यांचें म्हणणें, आदिवासी हे मागासलेले हिंदूच आहेत, त्यांना समाजांत मिसळूं द्यावें. व्हेरियर एल्विन यांचें म्हणणें, त्यांना बाहेरच्यांच्या लुबाडणुकीपासून जपावें. दोघेहि मोठे अभ्यासक होते. पण त्या वादांत बोलत होते तेच दोघे. ज्यांच्याविषयीं वाद चालला होता ते नव्हते. १९ डिसेंबर १९४६ रोजीं घटनासमितींत जयपालसिंग मुंडा उभे राहिले, आणि मी जंगली आहें असें अभिमानानें सांगून त्यांनीं आपल्या लोकांच्या वतीनें स्वतंत्र भारतावर विश्वास टाकला. त्यांनीं राज्य तोडून मागितलें नाहीं. शब्द पाळा, असें म्हटलें. फूट पडते ती हक्क दिल्यानें नव्हे. ज्याला घराखालची वीतभर जमीन आपली म्हणतां येत नाहीं, त्याला देश आपला म्हणावयास सांगणें, ही फूट अधिक खोल आहे.

श्रोतेहो, हा प्रश्न शहरांतल्या घरांना दूरचा वाटतो. दृष्टीआड सृष्टि हें खरेंच. पण तो तसा दूर नाहीं. अकलोलीवरून वाहणारी तानसा वरच्या अंगास अडविली गेली ती सन १८९२ मध्यें मुंबईच्या तहानेसाठीं. तें पाणी आजहि आपल्या नळांना येतें. आपल्या भिंतींतील विटा ज्या हातांनीं थापल्या ते हात याच पाड्यांवरचे असण्याचा संभव पुष्कळ आहे. पहिल्या पावसांत स्टेशनाबाहेर शेवळें आणि काकडें विकावयास बसणारी बाई आपल्या ओळखीची असते. तिच्याशीं आपण भाव करतों, तिचा गांव विचारीत नाहीं. आपण तिला देणें लागतों तें दान नव्हे. जातीच्या दाखल्यासाठीं, वाडीच्या मोजणीसाठीं, भट्टीवरच्या शाळेसाठीं जें काम चाललें आहे, त्यांत सुशिक्षित माणसाला करतां येण्यासारखें पुष्कळ आहे. कारण त्याला येतें तें नेमकें हेंच, अर्ज लिहिणें, कागद वाचणें आणि कचेरींत जाऊन उत्तर मिळेपर्यंत उभें राहणें. हें अक्षराचें बळ आपल्यापाशीं पिढ्यान्पिढ्या सांचलें आहे. त्याचा कांहीं भाग त्यांच्या कामीं लावणें अवघड नाहीं.

जगांतील सगळ्या राज्यहीन राष्ट्रांना राज्यें मिळतील कीं नाहीं, हें आपल्या हातीं नाहीं. परंतु ज्या राज्याचे आपण नागरिक आहों, त्याच्या दप्तरांत तानसाकांठच्या वाडीवरील एकेका घराचें नांव चढावें, हें आपल्या हातीं आहे. तें नांव तलाठ्याच्या हातानें, त्या घरच्या बाईच्या आणि बाप्याच्या जोडनांवानें, जमिनीच्या उताऱ्यावर लिहिलें जाईल, त्या दिवशीं भट्टीवाल्याच्या वहीचा निम्मा जोर संपलेला असेल.